नोंदवही धुऱ्यावर न्यावी लागेल

हिंगणघाटहून दक्षिणेकडे निघालं की राष्ट्रीय महामार्ग 44 वर वडनेर लागतं. पुढे पोहण्याजवळ वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा सुरू होतो. हा रस्ता श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा, त्यामुळे रात्रंदिवस ट्रकांची वर्दळ. रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर काळ्या जमिनीची वावरं, त्यात कापूस, तूर, सोयाबीन. या भागातलं सातवी-आठवीतलं पोर शाळेत येता-जाता काय काय पाहतं, याची एकदा यादी करून बघावी. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पडलेला फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा. नाल्याकाठच्या बाभळीला अडकलेल्या पन्न्या. हंगाम संपल्यावर उपटून ढीग केलेल्या कापसाच्या झाडांचा, पऱ्हाटीचा धूर. एप्रिलमध्ये विहिरीत दिवाळीपेक्षा कितीतरी खोल सोडावी लागणारी दोरी.

यातलं काहीच त्याला ‘जागतिक’ वाटत नाही, कारण ते त्याच्या रोजच्या वाटेवरचं आहे. पण रसायनं, प्लॅस्टिक, हवा आणि पाणी यांवर जगभरात ज्या परिषदा भरतात, त्यांतल्या प्रश्नांची ही इकडची टोकं आहेत. त्याच पोराच्या दप्तरातल्या पुस्तकात ‘जागतिक तापमानवाढ’ हा मुद्दाही असतो. तो पाठ करायचा आणि परीक्षेत लिहायचा. वाटेवरचं वावर आणि दप्तरातला धडा यांची गाठ कशी घालायची, हा प्रश्न गेली पन्नास वर्षं जगभरच्या शिक्षकांपुढे आहे. त्याची जी जी उत्तरं आजवर शोधली गेली, ती पाहिल्यावर माझं मत एका गोष्टीवर येऊन ठरलं आहे. मुलांना घोषणा द्यायला लावण्याआधी मोजायला शिकवावं, आणि त्यांनी जे मोजलं ते मोठ्यांनी बसून ऐकावं. या दोन गोष्टी जिथे झाल्या तिथे काम टिकलं. त्यातली एक जरी सुटली, तरी फलक आणि छायाचित्रं तेवढी मागे राहिली.

विषय शाळेत आला तो कसा

1972 च्या जूनमध्ये स्टॉकहोमला पर्यावरणावरची पहिली मोठी जागतिक परिषद भरली. इंदिरा गांधी तिथे बोलल्या, आणि 5 जून हा जागतिक पर्यावरण दिन त्याच परिषदेची आठवण म्हणून ठरला. शिक्षणाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची परिषद 1977 च्या ऑक्टोबरात तिबिलिसीला झाली. पर्यावरण शिक्षणाने काय साधायचं, याच्या पाच पायऱ्या तिथे सांगितल्या गेल्या: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि प्रत्यक्ष सहभाग. आजही कुठलाही उपक्रम तपासायचा तर या पाच पायऱ्यांवर ठेवून पाहावा. तो कुठवर चढला ते लगेच कळतं.

भारतात 1984 मध्ये अहमदाबादला पर्यावरण शिक्षण केंद्र उभं राहिलं. पुण्यात भारती विद्यापीठाने 1993 मध्ये पर्यावरण शिक्षण व संशोधनाची स्वतंत्र संस्था काढली. मोठा धक्का मात्र न्यायालयातून आला. ॲडव्होकेट एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 22 नोव्हेंबर 1991 रोजी पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. अंमलबजावणी रेंगाळली, म्हणून डिसेंबर 2003 मध्ये पुन्हा आदेश झाला आणि राष्ट्रीय पातळीवर तयार केलेला अभ्यासक्रम राज्यांनी स्वीकारावा असं ठरलं. महाराष्ट्रात प्राथमिक शाळेत ‘परिसर अभ्यास’ होताच. अलीकडे नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ही आला.

‘परिसर अभ्यास’ हे नाव मला फार आवडतं. पर्यावरण म्हटलं की काहीतरी दूरचं वाटतं. परिसर म्हणजे आपल्या अंगणापासून दिसतो तिथपर्यंतचा मुलूख. नाव इतकं नेमकं असूनही हा विषय पुष्कळदा वर्गाच्या चार भिंतींतच शिकवला जातो. सक्तीमुळे तो वेळापत्रकात आला, वेळापत्रकामुळे परीक्षेत गेला आणि परीक्षेमुळे प्रकल्पवहीत अडकला. तिबिलिसीच्या पहिल्या दोन पायऱ्या आपण बऱ्यापैकी चढलो. कौशल्य आणि सहभाग या पुढच्या पायऱ्यांवर पाऊल टाकायचं तर वर्गाबाहेर पडावं लागतं, आणि आपण नेमके दारात थांबलो आहोत.

एक रोप, एक खड्डा

सहभागाचा आपल्याकडचा सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे वृक्षारोपण. 2001-02 मध्ये केंद्र सरकारने शाळाशाळांतून ‘राष्ट्रीय हरित सेना’ सुरू केली. महाराष्ट्रात तिची जबाबदारी सामाजिक वनीकरण विभागाकडे आली. 2016 पासून राज्याने पावसाळ्यातल्या लागवडीच्या मोठ्या मोहिमा काढल्या आणि 2019 पर्यंत एका हंगामाचं लक्ष्य 33 कोटींवर नेलं. 2020 च्या 2 ऑक्टोबरला ‘माझी वसुंधरा’ अभियान आलं. 2024 च्या पर्यावरण दिनापासून आईच्या नावाने एक झाड लावायची देशभर मोहीम सुरू झाली. या सगळ्यांत शाळकरी मुलं मोठ्या संख्येने उतरली.

झाड लावणं चांगलंच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण मी स्वतः शाळेत असताना एक गोष्ट पाहिली आहे. पाहुणे यायचे, आम्ही रांगेत उभे राहायचो, रोप खड्ड्यात जायचं, टाळ्या व्हायच्या. पुढच्या जुलैत खड्डा तोच असायचा, रोप नवं. आदल्या वर्षीचं रोप कुठे गेलं, हे आम्हाला कोणी विचारलं नाही आणि आम्हीही कोणाला विचारलं नाही. ते बहुधा मे महिन्यात वाळलं, कारण तेव्हा शाळा बंद असते आणि पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो. त्या खड्ड्यातून मी एक चुकीची गोष्ट शिकलो: पर्यावरणाचं काम एका दिवसात पूर्ण होतं.

दिनदर्शिकेचा हा गुंता समजून घ्यायला हवा. 5 जून येतो तेव्हा महाराष्ट्रातल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. विदर्भात तर उन्हामुळे शाळा उरलेल्या राज्यानंतर उघडतात. मग पर्यावरण दिन उरकायचा म्हणून साजरा होतो, नाहीतर होतच नाही. आपल्याकडे या कामाला खरी तारीख हवी असेल तर ती मे महिन्यातली हवी. लावलेल्या रोपाला कोण पाणी घालतंय, किती जगली, किती गेली, हे मोजण्याची ती तारीख असेल. शंभर लावून दहा जगवणाऱ्या शाळेपेक्षा दहा लावून नऊ जगवणारी शाळा मुलांना जास्त शिकवते. पण त्यासाठी दहा झाडांच्या नावाने एक वही लागते आणि ती वही तीन-चार वर्षं हातातून हातात जावी लागते.

मोजणाऱ्या मुलांची गोष्ट

वहीवर इतका भर का? कारण पृथ्वीच्या आजारांबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं चिकाटीने ठेवलेल्या वह्यांतूनच आलं आहे. चार्ल्स कीलिंग यांनी 1958 मध्ये हवाईमधल्या मौना लोआ डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला. तेव्हा तो दहा लाख भागांत सुमारे 315 भाग होता. आज 420 च्या वर गेला आहे. हा आलेख नसता तर तापमानवाढीची चर्चा नुसत्या अंदाजांवर चालली असती. अंटार्क्टिकावरच्या हॅली तळावर ब्रिटिश संशोधकांनी 1950 च्या दशकापासून ओझोन मोजत ठेवला. त्या नोंदींतूनच 1985 मध्ये ओझोनच्या थराला पडलेलं भगदाड जगापुढे आलं. दोनच वर्षांनी, 16 सप्टेंबर 1987 रोजी, माँट्रियल करार झाला. ओझोन नष्ट करणारे घातक वायू बहुतांशी वापरातून गेले आणि आता ओझोनचा थर भरून येतो आहे. जगाने मिळून एक मोठा प्रश्न सोडवायला घेतला आणि तो सुटू लागला, हे मुलांना मुद्दाम सांगावं. त्याची सुरुवात रोज एक आकडा लिहिणाऱ्या माणसांपासून झाली, हेही सांगावं.

हे काम मुलंही करू शकतात, याचे पुरावे आता भरपूर आहेत. 1995 मध्ये अमेरिकेतून सुरू झालेल्या ‘ग्लोब’ उपक्रमात शंभराहून अधिक देशांतल्या शाळा तापमान, पाऊस, माती, ढग यांच्या नोंदी घेतात; भारत 2000 पासून त्यात आहे. ‘सीझनवॉच’ या भारतीय उपक्रमात मुलं एकेक झाड नेमून घेतात आणि त्याला पालवी, मोहर, फळ कधी येतं ते आठवड्याला लिहितात. केरळातल्या शाळांनी यात मोठी भर घातली. बहावा कधी फुलतो हे ठरलेलं असतं, असा आपला समज. तो दरवर्षी त्याच वेळी फुलतो की नाही, हे कोणीतरी वर्षानुवर्षं लिहून ठेवलं तरच कळेल. वडनेरच्या रस्त्यावरही पळस आहे, कडुनिंब आहे. पळस कधी फुलला एवढी एकच तारीख दरवर्षी वर्गाच्या भिंतीवर लिहिली, तरी दहावीत जाणाऱ्या मुलांच्या हाती पाच वर्षांचा पुरावा असेल.

1993 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेने हाच धागा भारतभर नेला. 10 ते 17 वयाच्या मुलांनी आपल्या गावातला प्रश्न घ्यायचा, त्याचा अभ्यास करायचा आणि आपल्या भाषेत मांडायचा. ‘आपल्या भाषेत’ ही अट फार मोलाची आहे. गावातल्या पोराला धुरा, खरड, वखर, बोंडअळी हे शब्द ठाऊक असतात. त्याच्या ज्ञानाची पुंजी या शब्दांत आहे. परभाषेतल्या व्याख्या पाठ करायला लावल्या की ही पुंजी बाजूला पडते आणि ते पोर वर्गात मुकं होतं.

महाराष्ट्रात पक्ष्यांच्या बाबतीत हे काम एका माणसाने फार पुढे नेलं. मारुती चितमपल्ली यांनी नवेगाव, नागझिऱ्याच्या रानांत आयुष्य घालवलं आणि पक्ष्यांना, झाडांना मराठी नावं मिळवून दिली. 5 नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर हा पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्य सरकारने 2020 पासून पक्षी सप्ताह म्हणून स्वीकारला. पुष्कळदा तो दिवाळीच्या सुट्टीत येतो, पण पक्षी पाहायला शाळेची घंटा लागत नाही. उलट सुट्टीतच मुलं वावरात असतात, वेचणीच्या वेळी घरच्यांबरोबर असतात. त्या दिवसांत पऱ्हाटीत कोणते पक्षी अळ्या टिपतात, एवढं जरी लिहिलं तरी तो अभ्यास शेतीच्याही उपयोगाचा.

विचारणारी मुलं

मुलांच्या सहभागाची दुसरी वाट प्रश्न विचारण्याची. 1992 मध्ये रिओच्या पर्यावरण परिषदेत सेव्हर्न कलिस-सुझुकी ही बारा वर्षांची कॅनडाची मुलगी बोलली. 2018 च्या ऑगस्टात स्वीडनच्या पंधरा वर्षांच्या ग्रेटा थनबर्गने हवामानबदलासाठी शाळा सोडून संसदेबाहेर बसायला सुरुवात केली आणि वर्षभरात जगभरची मुलं रस्त्यावर आली. आपल्याकडे हरिद्वारच्या रिद्धिमा पांडे हिने नऊ वर्षांची असताना, 2017 मध्ये, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात हवामानबदलाबाबत याचिका केली. ती फेटाळली गेली. 2019 मध्ये ती इतर पंधरा मुलांबरोबर संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे गेली. ती तक्रारही समितीने दाखल करून घेतली नाही. आधी आपापल्या देशातल्या न्यायालयांत जा, असं सांगितलं. पण एका देशातल्या प्रदूषणाने दुसऱ्या देशातल्या मुलांचं नुकसान होत असेल तर तो देश जबाबदार ठरू शकतो, हेही समितीने मान्य केलं.

या वाटेवरची सर्वांत थक्क करणारी गोष्ट प्रशांत महासागरातल्या बेटांवरून आली. 2019 मध्ये साउथ पॅसिफिक विद्यापीठातल्या कायद्याच्या 27 विद्यार्थ्यांनी वर्गात एक कल्पना मांडली: हवामानबदलाबाबत देशांची जबाबदारी काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच विचारू या. वानुआतू सरकारने ती उचलली, मार्च 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला आणि 23 जुलै 2025 रोजी हेगच्या न्यायालयाने आपलं मत दिलं: हवामानाचं रक्षण करणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. वर्गातल्या एका कल्पनेला हेगपर्यंत जायला सहा वर्षं लागली.

या वाटेला एक काळजीची बाजूही आहे. 2021 मध्ये भारतासह दहा देशांतल्या 16 ते 25 वयाच्या दहा हजार तरुणांचं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. हवामानबदलाची आपल्याला खूप किंवा अतिशय काळजी वाटते, असं त्यातल्या 59 टक्के तरुणांनी सांगितलं. ज्या मुलांच्या घरात नापिकी आहे, कर्ज आहे, त्यांच्यावर जग बुडणार असल्याचं आणखी ओझं टाकणं मला पटत नाही. भीती दाखवून मुलं जागी होतात, पण ती जाग फार काळ टिकत नाही. हातात मोजता येईल असं काम असेल आणि ते ऐकणारं कोणी असेल, तर तीच काळजी उमेदीत बदलते. म्हणून विचारणं आणि मोजणं या दोन वाटा एकमेकींना जोडायला हव्यात. आकडा हाती असलेल्या मुलाचा प्रश्न टाळणं अवघड असतं.

वर्ध्याला हे नवं नाही

हातातल्या कामातून शिकण्याची कल्पना वर्धा जिल्ह्याला बाहेरून आणावी लागत नाही. ती इथूनच देशभर गेली. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचं मोफत व सक्तीचं शिक्षण, तेही मातृभाषेत आणि एखाद्या उद्योगाभोवती गुंफलेलं, असं त्या परिषदेत ठरलं. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याला अभ्यासक्रमाचं रूप दिलं. सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याने या शिक्षणाची, म्हणजे नई तालीमची, शाळा चालवली. सरकीपासून सुतापर्यंत कापूस, स्वयंपाकघर, मळा, सफाई, खत हेच त्या मुलांचे धडे होते. किती सूत निघालं, किती भाजी पिकली, किती खत झालं याचा हिशेब करता करता गणित आणि विज्ञान येत होतं. पुढे ती शाळा बंद पडली, पण 2005 मध्ये सेवाग्रामच्याच परिसरात आनंद निकेतन या नावाने ती पुन्हा उभी राहिली.

त्याच काळात वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा ग्रामोद्योगाचं काम करत होते. 1945 मध्ये त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हे पुस्तक लिहिलं. निसर्गात सतत भरून येणारं आणि वापरलं की संपणारं असे संपत्तीचे दोन प्रकार करून, टिकाऊ अर्थव्यवस्था पहिल्यावर उभी राहते, असं त्यांनी मांडलं. शाश्वत विकास हा शब्द जगाच्या तोंडी यायला त्यानंतर चार दशकं लागली.

अलीकडचा दाखलाही याच जिल्ह्यातला आहे. 2017 च्या पाणलोट कामांच्या ‘वॉटर कप’ स्पर्धेत राज्यातून पहिलं आलं ते आर्वी तालुक्यातलं काकडदरा हे लहानसं आदिवासी गाव. तिथेही सगळं काम मोजमापावर उभं होतं: किती मीटर चर खणले, किती पाणी अडेल. सबंध गाव फावडं-टोपली घेऊन उतरतं, तेव्हा घरातलं पोर बाजूला उभं राहत नाही. ते चराच्या काठावर उभं राहून उतार म्हणजे काय ते शिकतं.

आणि जगाशी नातं? तेही या मातीला जुनंच. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 65 मध्ये, तिकडचा कापूस थांबला तेव्हा विलायतेतल्या गिरण्यांच्या नजरा इकडच्या कापसाकडे वळल्या. ‘हिंगणघाट’ हे लांब धाग्याच्या कापसाचं नाव लिव्हरपूलच्या बाजारात ठाऊक होतं. दूर देशी काही घडलं की त्याचा परिणाम इथल्या वावरात दिसतो, हे वडनेर परिसराने दीडशे वर्षांपूर्वीच अनुभवलं आहे. हवामानबदल समजावताना या अनुभवाचा हात धरून सुरुवात करता येते.

चार वह्या

मग वडनेरसारख्या गावातल्या शाळेने नेमकं काय करावं? मला चार वह्या सुचतात. चारही वह्यांचा खर्च शंभर-दोनशे रुपयांच्या आत आहे.

पहिली पावसाची. दोन लिटरची सरळ बाजूंची बाटली घ्यायची. वरचा निमुळता भाग कापून तो उलटा करून नरसाळ्यासारखा तोंडात बसवायचा. तळाशी खडे भरायचे, म्हणजे वाऱ्याने बाटली पडत नाही. तळाचा उंचसखल भाग बुडेल इतकं पाणी घालून तिथे शून्याची खूण करायची आणि बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवायची. छप्पर, झाड यांच्यापासून लांब, मोकळ्या जागी ती घट्ट उभी करायची. रोज सकाळी साडेआठला वाचायची. हवामान खातंही पाऊस त्याच वेळी मोजतं. या आकड्याला आपल्याकडे फार मोल आहे. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरली जाते आणि नुकसानभरपाईचा विचार त्यावरून होतो. मंडळाचं यंत्र एका गावात, ढग फुटतो दुसऱ्या गावात, हे शेतकऱ्याचं जुनं दुःख. दहा मुलांच्या दहा बाटल्या सरकारी यंत्राची जागा घेणार नाहीत. पण एकाच मंडळात पाऊस किती वेगवेगळा पडतो, हे त्या दाखवतील. 2022 च्या जुलैत या तालुक्याने जो पूर पाहिला, तसा पाऊस पुन्हा आला तर गावाकडे स्वतःची नोंद असेल.

दुसरी विहिरीची. दर अर्ध्या मीटरवर गाठ मारलेली दोरी, टोकाला वजन, आणि कठडा असलेली विहीर. गुरुजींच्या देखरेखीखाली कठड्याच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि कठड्याची उंची वजा करायची. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. शाळेने दर महिन्याला मोजावी. पावसाची वही आणि विहिरीची वही शेजारी ठेवली की, पडलेल्यातलं किती मुरलं आणि किती वाहून गेलं, हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात.

तिसरी पऱ्हाटीची. कापूस संपल्यावर कोणी पऱ्हाटी जाळली, कोणी चुलीसाठी नेली, कोणी यंत्राने बारीक करून वावरातच टाकली, हे वीस-पंचवीस घरांत जाऊन विचारायचं. पऱ्हाटी जाळली की जमिनीला मिळू शकणारं सेंद्रिय खत हवेत जातं आणि धूर गावाच्या छातीत. ती तशीच बांधावर रचून ठेवली तर उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी तग धरते. बारीक करून कुजवणं चांगलं, पण त्यासाठी यंत्र लागतं आणि त्याचं भाडं द्यावं लागतं. इथे मुलांना एक महत्त्वाची गोष्ट कळते: शेतकरी जाळतो तो अडाणीपणाने नाही, त्यामागे वेळेचा आणि पैशाचा हिशेब आहे. पर्यावरणाचे प्रश्न माणसांना दोष देऊन सुटत नाहीत, हा धडा कुठल्याही पुस्तकापेक्षा या पंचवीस घरांत जास्त नीट शिकता येतो.

चौथी उन्हाची. मार्चपासून शाळा सकाळची होते. त्या दिवसांत तीन ठिकाणी तापमान लिहायचं: पत्र्याच्या खोलीत, कडुनिंबाखाली आणि व्हरांड्यात. झाडाची सावली किती अंशांनी थंड, हे मुलाने स्वतः लिहिलं की झाड जगवायला त्याला वेगळं कारण लागत नाही.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. फवारणी चालू असलेल्या वावरात मुलांना नेऊ नये आणि औषधाचे रिकामे डबे त्यांना गोळा करायला लावू नयेत. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही. डबे कुठे पडले आहेत ते मुलांनी लांबून पाहून नकाशावर दाखवावं. उचलण्याची जबाबदारी मोठ्यांची.

अडतं कुठे

असे उपक्रम सुरू होतात आणि थांबतात, याची कारणं सगळ्यांना माहीत आहेत. उत्साही शिक्षकाची बदली होते आणि वही कपाटात जाते. गुरुजी-बाईंवर निवडणूक, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं यांचा भार असतो. प्रत्येक नवी योजना नव्या नावाने येते, नवा अहवाल मागते आणि जुन्या कामाचं सातत्य तोडते. अहवालात छायाचित्र लागतं. आकडा कोणी मागत नाही. शिवाय घरकाम आणि धाकट्या भावंडांमुळे मुलींना शाळेनंतर थांबता येत नाही. म्हणून मोजणी शाळेच्या वेळेतच व्हायला हवी.

यावरचा उपाय म्हणजे वही व्यक्तीची न ठेवता शाळेची ठेवणं. हजेरीपटासारखी ती दरवर्षी पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. आठवीच्या मुलांनी सातवीच्या मुलांना बाटली वाचायला शिकवावी. शिक्षक बदलले तरी मुलांकडून मुलांकडे हे चालत राहील. गुण द्यायचेच असतील तर सजवलेल्या मुखपृष्ठाला न देता सलग नोंदीला द्यावेत. आणि एखाद्या दिवशी नोंद राहिली तर तिथे मोकळी जागा सोडायला शिकवावं. अंदाजाने आकडा भरणं म्हणजे पुढच्या वर्गाला फसवणं, हा संस्कार विज्ञानाचा आहे, तसा नागरिकत्वाचाही.

ऐकणार कोण

आता उरतो मोठ्यांचा वाटा, आणि माझ्या मते सगळा प्रश्न इथे येऊन ठरतो. आपण मुलांना ‘उद्याचे नागरिक’ म्हणतो आणि त्यांचं ऐकणं उद्यावर ढकलतो. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या ग्रामसभेच्या नेहमीच्या तारखा आहेत. यातल्या दोन दिवशी तर मुलं झेंडावंदनाला गावातच असतात. 2 ऑक्टोबरला पावसाची आणि विहिरीची वही वाचावी, 26 जानेवारीला पऱ्हाटीची. पाच मिनिटं पुरतात. ग्रामपंचायतीच्या ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात बंधारा कुठे घ्यायचा, विहिरीच्या पुनर्भरणाचं काम कुठे घ्यायचं, हे ठरवताना त्या वहीचं पान उघडावं. मुलांचं म्हणणं दरवेळी मान्य होईल असं नाही. पण का मान्य झालं नाही, हे त्यांना तिथेच, उभं राहून सांगावं.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. याच जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर दूरदूरहून लोक पाहायला येतात. मुलं लाकडी नंदी सजवून दारोदार नेतात. घरातली मोठी माणसं त्या लाकडाच्या बैलाला ओवाळतात आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवतात. तो बैल खेळण्यातला आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी आजोबासुद्धा त्या दिवशी पोरापुढे वाकतात, कारण उद्या खऱ्या बैलाचा कासरा त्याच हातात द्यायचा आहे, हे त्यांना कळतं. पोरालाही ते कळतं.

बाटलीतला पाऊस घेऊन येणाऱ्या मुलाचं स्वागत गावाने असंच करावं. तो ग्रामसभेत उभा राहून म्हणेल, जुलैत आमच्या शाळेत इतके मिलिमीटर पाऊस पडला आणि सप्टेंबरात शाळेमागच्या विहिरीचं पाणी इतक्या मीटरवर होतं. त्या वेळी ग्रामपंचायत अधिकाऱ्याने तो आकडा इतिवृत्तात लिहून घ्यावा. पुढच्या वर्षी दुसरं पोर उभं राहील, तेव्हा आधीचा आकडा वाचून दाखवता येईल.